चार कलमे आणि परतीचे भाडे

१८९७चा साथरोग कायदा मुळात अवघ्या चार कलमांचा. छापला तर एक पान. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी तो मंजूर झाला, तेव्हा मुंबईत प्लेगचे निदान होऊन जेमतेम पाच महिने उलटले होते आणि जवळजवळ निम्मी मुंबई घरदार सोडून बाहेर पडली होती. कुणी कोकणात उतरले, कुणी घाट चढून पुण्याला आणि तिथून पुढे देशावर गेले. प्लेग म्हटले की आपण रँड, चापेकर बंधू, टिळकांवरचा खटला एवढ्यावर थांबतो. वाटेवरचा माणूस आपल्या नजरेतून सुटतो. कायद्याच्या नजरेतून मात्र तो सुटला नव्हता.

दुसरे कलम मी कितीदा वाचले असेल! रेल्वेने किंवा अन्य मार्गाने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करावी, संशयितांना वेगळे ठेवावे, असा अधिकार त्यात आहे. संशय तपासणाऱ्या अधिकाऱ्याचा, तेवढा पुरे. तिसऱ्या कलमात हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा. चौथ्यात, सद्भावनेने काम करणाऱ्यावर कुणी दावा लावू नये याची तजवीज. अडवलेल्या प्रवाशाला किती दिवस ठेवायचे, खायला कोण देणार, घरी कोण कळवणार, सुटल्यावर गावी कसे पोचवायचे, यावर एक अक्षर नाही.

याचा अर्थ पुण्यात काय झाला, ते पंडिता रमाबाईंकडे आलेल्या मुलींच्या हकिकतीत दिसते. १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतात हिंडून सुमारे तीनशे मुली आणि तरुण विधवा इकडे आणल्या. शारदा सदन पुण्यातच होते. पण प्लेगच्या धास्तीने अधिकाऱ्यांनी इतक्या जणींना शहरात ठेवायला मनाई केली, आणि रमाबाईंना त्यांची सोय केडगावच्या मळ्यावर करावी लागली. दुष्काळाने एकदा उठवलेल्या मुली प्लेगच्या हुकमाने पुन्हा उठल्या. मे १८९७ मध्ये रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ला पत्र लिहून पुण्याच्या प्लेग व्यवस्थेत बायकांची काय दशा होते ते मांडले, आपल्याकडची एक मुलगी तिथून नाहीशी झाल्याचेही त्यांनी सांगितले. सरकारने आरोप फेटाळला. त्याच उन्हाळ्यात गोखल्यांनी विलायतेत सोजिरांच्या अत्याचारांविषयी विधान केले, पुरावा उभा करता आला नाही, आणि मायदेशी परतताच त्यांना जाहीर माफी मागावी लागली. त्या माफीवर आपल्याकडे भरपूर शाई खर्च झाली आहे, रमाबाईंच्या पत्रावर फार थोडी. आणि पुरावा पुढे येणार तरी कसा? कोर्टाच्या दाराशी चौथे कलम उभे होतेच.

हा कायदा कधी रद्द झाला नाही. महाराष्ट्रातले कोविडचे पहिले रुग्ण पुण्यातच सापडले, ९ मार्च २०२० रोजी. त्यांना नायडू रुग्णालयात ठेवले गेले. १३ मार्चला राज्याने हाच कायदा लागू केला. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली. वाघोली, हिंजवडी, चाकण इथल्या बांधकामांवरचे आणि कारखान्यांतले परप्रांतीय मजूर जागच्या जागी अडकले. त्यांना गावी जाण्याची मुभा २९ एप्रिलला मिळाली, श्रमिक गाड्या १ मेपासून निघाल्या. पण आधी पोलीस चौकीत अर्ज द्यायचा आणि सोबत डॉक्टरचा दाखला जोडायचा. दवाखान्यांपुढे रांगा लागल्या. ही अट पुढे शिथिल झाली, पण प्लेगात सरकार निदान फलाटावर येऊन तपासत होते. इथे आपण निरोगी असल्याचा कागद मजुरानेच पदरमोड करून आणायचा होता.

वास्तविक परतीच्या वाटेसाठी आपल्याकडे कायदा होता. १९७९च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याच्या पंधराव्या कलमानुसार कामावर येण्याचे आणि गावी परतण्याचे, दोन्ही वेळचे भाडे कंत्राटदाराने द्यायचे. प्रवासाचे दिवसही कामाचे धरायचे. चौदाव्या कलमात विस्थापन भत्ता. पाच किंवा अधिक परप्रांतीय मजूर आणणाऱ्या कंत्राटदाराला हे लागू. पुण्याच्या बांधकामांवर मी ज्यांच्याशी बोललो, त्यांपैकी एकालाही असे भाडे कधी मिळाले नव्हते. मुकादमाने उचल दिलेली, तीच पुढे मजुरीतून कापलेली, हा तिथला रिवाज.

८ मे २०२० रोजी पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. मध्य प्रदेशातले हे लोक जालन्याहून निघाले होते. भुसावळला पोचलो की गाडी मिळेल या आशेने रुळांच्या कडेने चालत होते. मजुरांकडून भाडे घेऊ नये, वाटेत त्यांना अन्नपाणी द्यावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा हुकूम २८ मेला आला. म्हणजे वीस दिवसांनी.

त्या सप्टेंबरात संसदेचे अधिवेशन भरले. गावी परतताना किती मजूर मेले, या प्रश्नावर अशी आकडेवारी ठेवलेली नाही, असे कामगार मंत्रालयाने १४ तारखेला लोकसभेत उत्तर दिले. त्याच अधिवेशनात १८९७च्या कायद्यात दुरुस्ती झाली. आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्यास कडक शिक्षा आली, आणि ती यायलाच हवी होती. प्रवाशासाठी मात्र एकही कलम वाढले नाही. याच दिवसांत मंजूर झालेल्या नव्या कामगार संहितेत १९७९चा कायदा सामावून घेतला गेला. जाण्यायेण्याचे भाडे राहिले, विस्थापन भत्ता गेला, आणि पाच मजुरांची मर्यादा दहावर नेली गेली.