दिव्या विरुद्ध हम्पी: बरोबरीत अडकलेली बुद्धिबळाची लढत टायब्रेकमध्ये कशी सुटते?

जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी शहरात महिला बुद्धिबळ विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. पटाच्या दोन्ही बाजूंना भारतीय खेळाडू होत्या. एकीकडे नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख, तर दुसरीकडे आंध्र प्रदेशची ३८ वर्षांची कोनेरू हम्पी. २६ आणि २७ जुलैला झालेले दोन्ही डाव बरोबरीत सुटले. २८ जुलैच्या टायब्रेकमध्ये पहिला डावही बरोबरीत गेला. दुसऱ्या डावात दिव्या काळी मोहरी घेऊन जिंकली आणि २.५–१.५ अशा गुणांनी विश्वचषक तिच्या नावावर झाला. ही स्पर्धा जिंकणारी ती पहिली भारतीय ठरली.

इतक्या अटीतटीच्या लढतीचा निकाल नेमका कशामुळे लागला? दोन बरोबरींनंतर बुद्धिबळात पुढे काय होतं? समजून घेऊया.

बुद्धिबळात इतक्या बरोबरी का होतात?

पटावरच्या युद्धखेळांचे अनेक प्रकार जगभर खेळले जातात. वॉरहॅमरसारख्या खेळात टेबलावर छोट्या रंगवलेल्या सैनिकांच्या फौजा मांडतात आणि हल्ला यशस्वी झाला की नाही, हे फाशांवर ठरतं. दोन तुल्यबळ खेळाडू असले तरी फासे एकाला साथ देतात आणि दुसऱ्याला दगा.

बुद्धिबळात फासे नाहीत. दोन्ही बाजूंना १६-१६ मोहरी मिळतात. राजा, वजीर, दोन हत्ती, दोन उंट, दोन घोडे आणि आठ प्यादी. सगळं काही दोघांच्या डोळ्यांसमोर असतं. पांढऱ्याला पहिल्या चालीचा थोडा फायदा मिळतो, तेवढाच काय तो फरक. त्यामुळे दोघेही अचूक खेळले, तर डाव बरोबरीकडे झुकतो. मग दोघे खेळाडू संमतीने डाव थांबवतात, किंवा तीच स्थिती तीनदा पटावर आल्यामुळे बरोबरी मागता येते.

साखळी स्पर्धेत बरोबरी झाली तर दोघांना अर्धा-अर्धा गुण मिळतो आणि गाडी पुढे जाते. विश्वचषक मात्र बाद पद्धतीचा असतो. २०२५ च्या स्पर्धेत १०७ खेळाडू होत्या. प्रत्येक फेरीत दोघींपैकी एकीला घरी जावंच लागतं.

टायब्रेकमध्ये काय बदलतं?

पट तोच, मोहरी तीच, नियमही बहुतेक तेच. बदलतो तो वेळ.

विश्वचषकाच्या प्रत्येक फेरीत आधी दोन क्लासिकल डाव होतात. एका डावात एकीकडे पांढरी मोहरी, दुसऱ्या डावात दुसरीकडे. पहिल्या ४० चालींसाठी प्रत्येकीला ९० मिनिटं मिळतात, त्यानंतर आणखी ३० मिनिटं. शिवाय पहिल्या चालीपासून प्रत्येक चालीला ३० सेकंद घड्याळात जमा होतात.

दोन डावांनंतर गुण समान असतील, तर पुढच्या पायऱ्या अशा असतात:

- दोन रॅपिड डाव: प्रत्येकीला १५ मिनिटं आणि दर चालीला १० सेकंद
- तरीही बरोबरी असेल तर आणखी दोन डाव: १० मिनिटं आणि दर चालीला १० सेकंद
- त्यानंतर दोन ब्लिट्झ डाव: ५ मिनिटं आणि दर चालीला ३ सेकंद
- तरीही निकाल नाही लागला, तर ३ मिनिटं आणि दर चालीला २ सेकंद असे एकेक डाव, कुणीतरी जिंकेपर्यंत

आता थोडा हिशेब करू. क्लासिकल डावात ४० चालींसाठी एका खेळाडूला वाढीव सेकंद धरून ११० मिनिटं मिळतात. म्हणजे एका चालीला सरासरी पावणेतीन मिनिटं. रॅपिडमध्ये त्याच ४० चाली जेमतेम पावणेबावीस मिनिटांत संपवायच्या असतात. म्हणजे एका चालीला साधारण ३२ सेकंद.

तीन मिनिटांत जी धोक्याची चाल दिसली असती, ती अर्ध्या मिनिटात नजरेतून सुटू शकते. फासे जे काम इतर खेळांत करतात, ते इथे घड्याळ करतं. फरक इतकाच, की फाशांवर कुणाचा ताबा नसतो. घड्याळ मात्र सांभाळता येतं. कोणत्या चालीवर वेळ खर्च करायचा आणि कुठे पटकन पुढे जायचं, हेही कौशल्यच आहे.

या पायऱ्या किती लांबू शकतात, हे त्याच स्पर्धेच्या उपांत्य फेरीत दिसलं. हम्पी आणि चीनची लेइ टिंगजी यांच्यात एकूण आठ डाव झाले. क्लासिकल बरोबरीत, १५ मिनिटांचे डाव बरोबरीत, १० मिनिटांच्या डावांत दोघींचा एकेक विजय. शेवटी ५ मिनिटांचे दोन्ही डाव जिंकून हम्पीने ५–३ अशी बाजी मारली.

अंतिम सामन्यात पारडं कुणाचं जड होतं?

कागदावर पाहिलं तर हम्पीचं. २००२ मध्ये वयाच्या १५ व्या वर्षी ती ग्रँडमास्टर झाली. २०१९ आणि २०२४ अशी दोनदा तिने जागतिक महिला रॅपिड स्पर्धा जिंकली आहे. म्हणजे टायब्रेकचा प्रकार तिच्या खास हातखंड्याचा. शिवाय निर्णायक दुसऱ्या डावात पांढरी मोहरी तिच्याकडेच होती.

दिव्याची तयारीही कच्ची नव्हती. २०२४ मध्ये गांधीनगरला ती मुलींच्या गटात ज्युनियर विश्वविजेती झाली. त्याच वर्षी बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये भारतीय महिला संघाच्या सुवर्णपदकासोबत तिने वैयक्तिक सुवर्णही मिळवलं. पुण्याचे ग्रँडमास्टर अभिजित कुंटे त्या संघाचे कर्णधार होते. बाटुमीत तिने चीनच्या झू जिनेर हिला आणि नंतर द्रोणावल्ली हरिकाला टायब्रेकमध्येच हरवलं होतं. उपांत्य फेरीत माजी विश्वविजेत्या टॅन झोंगयीविरुद्ध तर तिने १०१ चालींचा डाव जिंकला.

अंतिम फेरीचा शेवटचा डाव ७५ चालींपर्यंत गेला. दोघींच्या घड्याळातला वेळ संपत आला होता आणि अशा वेळी होतात तशा चुका दोन्ही बाजूंनी झाल्या. अखेर हम्पीने पराभव मान्य केला. दिव्याला अश्रू आवरले नाहीत.

एका डावावर काय काय अवलंबून होतं?

विजेतीला ५० हजार डॉलर आणि उपविजेतीला ३५ हजार डॉलर असं बक्षीस होतं. पण दिव्यासाठी त्याहून मोठी गोष्ट होती ग्रँडमास्टर किताब.

हा किताब एरवी दोन अटी पूर्ण केल्यावर मिळतो. एक, २५०० चं रेटिंग गाठणं. दोन, एकूण किमान २७ डावांचे नॉर्म, म्हणजे साधारणपणे तीन मोठ्या स्पर्धांत ग्रँडमास्टरच्या तोडीची कामगिरी. स्पर्धेपूर्वी दिव्याकडे एकही नॉर्म नव्हता. मात्र महिला विश्वचषक जिंकणाऱ्या खेळाडूला हा किताब थेट मिळतो. त्यामुळे एका विजयाने ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. भारतीय महिलांमध्ये हम्पी, हरिका आणि वैशाली यांच्यानंतर ती चौथी.

पहिल्या तिघींना कँडिडेट्स स्पर्धेतही प्रवेश मिळतो. त्यामुळे हरूनही हम्पीची तिथली जागा पक्की झाली. कँडिडेट्स जिंकणारी खेळाडू विश्वविजेतीला आव्हान देते.

क्लासिकलचा निकाल झटपट डावांवर लावणं योग्य आहे का?

हा वाद जुना आहे. आक्षेप असा, की तासन्‌तास विचार करून खेळायच्या खेळाचा विजेता काही मिनिटांच्या डावांवर का ठरावा? ती तर वेगळीच कसोटी झाली.

दुसरी बाजू व्यवहाराची आहे. निकाल लागेपर्यंत क्लासिकल डाव खेळवले तर स्पर्धा संपणारच नाही. नाणेफेक करण्यापेक्षा घड्याळ आखडणं बरं, कारण निकाल तरीही पटावरच्या चालींनीच लागतो. बाटुमीचा सामना या बाजूचं उत्तम उदाहरण आहे. रॅपिडमध्ये अनुभवी खेळाडू समोर असूनही तरुण खेळाडू जिंकली, आणि तेही काळी मोहरी घेऊन.

महाराष्ट्रातल्या लहान गावातून इथवरचा रस्ता कसा आहे?

महाराष्ट्रात महिला बुद्धिबळाची परंपरा जुनी आहे. १९७४ मध्ये झालेली पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनी जिंकली. त्यांची बहीण रोहिणी खाडिलकर १९७६ मध्ये पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळल्या आणि १९८१ मध्ये आशियाई विजेत्या झाल्या.

जळगाव जामोदसारख्या तालुक्याच्या गावातल्या मुलीलाही सुरुवात त्याच दारातून करावी लागते, ती म्हणजे रेटिंग स्पर्धा. आधीच रेटिंग असलेल्या किमान पाच खेळाडूंशी डाव झाले आणि कामगिरी १४०० च्या वर राहिली, की जागतिक महासंघाच्या, म्हणजे फिडेच्या, यादीत नाव लागतं. सराव मोबाइलवर करता येतो. पण रेटिंगसाठी पटासमोर बसावंच लागतं, आणि अशा बहुतेक स्पर्धा मोठ्या शहरांत होतात. प्रवास, राहणं आणि प्रवेश शुल्क हा खर्च घरच्यांना उचलावा लागतो.

पालक आणि शिक्षकांसाठी यातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. मुलांना चाली शिकवताना सोबत घड्याळही ठेवा. तुल्यबळ प्रतिस्पर्धी समोर आला की शेवटची परीक्षा तेच घेतं.