पाप, ऋण आणि क्षमा

दलितांच्या धर्मांतराचा इतिहास लिहिताना आपले अभ्यासक बाप्तिस्म्याचे आकडे मोजतात, मिशनऱ्यांचे हेतू तपासतात, शाळा, दवाखाने व सवलती यांचा हिशेब मांडतात. हे सारे आवश्यकच आहे. परंतु ज्या एका शब्दाभोवती ख्रिस्ती जीवनाची सगळी उभारणी झाली आहे, तो 'पाप' हा शब्द गावकुसाबाहेरच्या माणसाने कसा ऐकला असेल, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. पाप, पश्चात्ताप, क्षमा, तारण असा ख्रिस्ती उपदेशाचा क्रम आहे. पापी माणूस पश्चात्ताप करतो, ख्रिस्ताच्या बलिदानामुळे त्याला क्षमा मिळते आणि पुढे पापावर जय मिळवीत तो नवे जीवन जगतो. सिद्धान्त म्हणून हे सरळ आहे. मात्र ज्याला पिढ्यान्‌पिढ्या पापी ठरवूनच वेशीबाहेर ठेवले, त्याच्या कानांवर पुन्हा 'तू पापी आहेस' हे वाक्य पडते, तेव्हा काय घडते? या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर धर्मशास्त्र थोडे बाजूला ठेवून आपल्याच मुलखाकडे पाहावे लागते.

माढे तालुका हा वारकऱ्यांच्या वाटेवरचा मुलूख. तालुक्यातील अरण हे सावता माळ्याचे गाव. पंढरपूर शेजारी आणि पलीकडे चोखोबाचे मंगळवेढे. मिशनऱ्यांनी येथे 'पाप' हा शब्द आणला नाही. तो येथे होताच. आपण हीन जातीत का जन्मलो याचे उत्तर चोखोबाच्या नावावरील एका अभंगात पूर्वजन्मीच्या दोषात शोधलेले दिसते. ही कबुली महाराने दिलेली आहे, गुन्हा मात्र त्याला आठवत नाही. ज्याची आठवण नाही, साक्षीदार नाही, तारीख नाही, अशा अपराधाची जन्मठेप भोगणे म्हणजे कर्मविपाक! चोखोबाच्याच घरात याला वेगळा सूर लागला, हेही विसरता कामा नये. कर्ममेळा बापाइतका शांत नाही. तो देवालाच जाब विचारतो. आणि सोयराबाई सांगते की विटाळ देहाचाच आहे, देह तर सर्वांना आहे, मग सोवळा कोण? सोयराबाईचा हा युक्तिवाद मला फार मोलाचा वाटतो. मनुष्यमात्राच्या ठिकाणी सारखाच दोष आहे असे एकदा म्हटले की वर्णश्रेष्ठत्वाचा पायाच उखडला जातो.

मिशनऱ्यांच्या उपदेशातील जी गोष्ट महारवाड्याने ओढीने ऐकली, ती बहुधा हीच असावी. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईस आले, १८३१ साली त्यांनी अहमदनगरला ठाणे दिले आणि शतकाच्या उत्तरार्धात ते सोलापूरपर्यंत पोहोचले. या उपदेशकांच्या मते सारे मानव पापी होते. सारे म्हणजे ब्राह्मणसुद्धा! १८३९ साली नगरला हरिपंत खिस्ती आणि त्यांचे बंधू नारायणराव खिस्ती यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे त्याच मंडळीत महारही आले, मांगही आले. प्रभुभोजनाच्या वेळी सर्वांना एकच भाकर आणि एकच प्याला. ज्याची सावली टाळावयाची, त्याच्यासमोर गुडघे टेकून शास्त्र्याच्या मुलाने 'मी पापी' असे म्हणावे, हे दृश्य या देशाने तोपर्यंत कुठे पाहिले होते? पापाच्या कल्पनेने येथे समतेचे काम केले, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

पण ती समता प्रार्थनेच्या वेळेपुरती टिकली, चुलीपर्यंत ती फारशी पोहोचली नाही. जात पाळणे हेच पाप, असे अमेरिकन मिशनरी शिकवीत. तरीही महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती यांच्यातील अंतर पिढ्यांनंतरही उरले. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरही लक्ष्मीबाईंचे सोवळे दीर्घकाळ सुटले नव्हते, आणि ते कसे सुटत गेले हे त्यांनीच 'स्मृतिचित्रे'त विलक्षण मोकळेपणाने सांगितले आहे. एवढ्या मोकळेपणाने आपल्या पापाची कबुली देणारे उच्चवर्णीय लेखन मराठीत थोडेच. उलट दलित ख्रिस्त्याच्या वाट्याला जी पापांची यादी आली तीत मृतमांस, दारू, देवदेवस्की, तमाशा, लग्नाचे सैल बंध हे सारे होते. मृतमांस सोडल्याने माणसाची मान वर झाली, यात शंका नाही. पुढे बाबासाहेबांनीही महाडला हेच सांगितले. फरक इतकाच की मेलेले ढोर ओढून नेण्याचे काम ज्याच्या गळ्यात गावाने बांधले त्याचे ते खाणे पाप ठरले आणि ज्याने ते गळ्यात बांधले त्याचे नाव त्या यादीत आले नाही.

येथे मराठी बायबलातील एका शब्दाकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. ख्रिस्ताने शिकविलेल्या प्रार्थनेत क्षमेची मागणी आहे. लूकच्या शुभवर्तमानात तेथे 'पाप' हा शब्द आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात मात्र 'ऋण' असा शब्द आहे, आणि जुन्या मराठी भाषांतरानेही तो तसाच ठेवला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही कर्जच. शिवाय या क्षमेला अट आहे. आपल्या ऋणकोला आपण ऋण सोडले असेल, तर देवही आपले ऋण सोडील.

आता ही प्रार्थना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूर-नगरच्या एखाद्या महारवाड्यात म्हटली जात आहे अशी कल्पना करा. कर्ज या शब्दाचा अर्थ त्या मुलखाला सांगावा लागत नव्हता. १८७५ साली सुप्याला कुणब्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. १८७६ ते १८७८ दुष्काळाने हा प्रदेश धुऊन काढला. १८७९ साली सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला आणि तो ज्या चार जिल्ह्यांना प्रथम लागू झाला त्यांत सोलापूर होते. मूळ मुद्दल किती, व्याज किती, हा हिशेब आरंभापासून पुन्हा तपासण्याचा अधिकार कोर्टाला मिळाला. म्हणजे खतावर अंगठा उठला म्हणून कर्ज खरे ठरत नाही, हे तत्त्व इंग्रज सरकारलाही मान्य करावे लागले. पापाच्या खतावर जन्मतःच ज्याचा अंगठा घेतला गेला त्याच्या हिशेबाची फेरतपासणी कोणत्या कोर्टात होणार होती?

आणि महाराचा ऋणको कोण? त्याने कोणाला कर्ज दिले होते? वरवर पाहता कोणालाच नाही. पण हिशेब नीट मांडला तर सारे गाव त्याचे ऋणको ठरते. वेसकरकी त्याची, सांगावा पोहोचविणे त्याचे, सरकारी खजिना तालुक्याला नेणे त्याचे, शिवेच्या तंट्यात साक्ष त्याची, मढ्याची लाकडे त्याची. बदल्यात बलुते, तेही खळ्यावर हात पसरून, मिळेल तेवढे. प्रार्थनेतील अट पाहिली तर त्या दोन खोल्यांच्या प्रार्थनामंदिरात बसलेला माणूस वास्तविक धनको होता. क्षमा करण्याचा अधिकार त्याच्याकडे होता. त्याला मात्र शिकविले गेले क्षमा मागावयास.

मिशनरी दुष्ट होते असे सुचविण्याचा माझा हेतू नाही. आपल्यापैकी कित्येकांच्या आज्यांना पहिले अक्षर मिशनच्या शाळेत भेटले. प्रश्न त्यांच्या दयेचा नाही. प्रश्न असा की दया करणाऱ्याला समोरचा माणूस अपराधी दिसतो की अन्यायग्रस्त?

पुण्याहून कुर्डुवाडी-सोलापूरकडे येणाऱ्या लोहमार्गावर केडगाव आहे. तेथे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात १९०५ च्या जूनमध्ये जे धर्मजागरण झाले त्याची ख्याती देशोदेशी गेली. शेकडो मुली व स्त्रिया रडत, ओरडत आपली पापे कबूल करीत होत्या, तासन्‌तास प्रार्थना चालली होती. या मुली कोण होत्या? १८९६-९७ साली मध्य प्रांतातून आणि १९०० साली गुजरातेतून दुष्काळाच्या तोंडून रमाबाईंनी ओढून काढलेल्या कित्येकजणी त्यांत होत्या. बालविधवा होत्या, टाकलेल्या होत्या. रमाबाईंचे आईबापही दुष्काळातच गेले होते, त्यामुळे ही वेदना त्यांना कोणी शिकवावी लागली नाही. त्यांचे कार्य एवढे मोठे आहे की त्याच्यापुढे टीकेची जीभ अडखळते. तरी विचारलेच पाहिजे : भुकेने सापळा झालेल्या बारा वर्षांच्या पोरीच्या पदरी असे कोणते पाप होते, की जे आठवून तिने रात्र रात्र रडावे? त्या रडण्यात पापाची जाणीव किती आणि कोणी न ऐकलेले दुःख किती? कदाचित कबुलीच्या निमित्ताने त्यांना आयुष्यात प्रथमच चारचौघांत आपल्याविषयी बोलावयास मिळाले असेल. तसे असेल तर त्या प्रार्थनेचे मोल मी कमी लेखणार नाही.

सोलापुरात मात्र याच विचाराने अगदी वेगळे रूप धारण केले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या. १९११ च्या कायद्याने तो फास मुंबई इलाख्यापर्यंत आला. कैकाडी, टकारी, पारधी, मांग-गारुडी, कंजारभाट अशा जमातींच्या माणसांना सोलापुरात काटेरी तारेच्या आत वसविले. त्यांनी हजेरी द्यावयाची आणि कापडगिरण्यांत राबावयाचे. या सेटलमेंटची व्यवस्था सरकारने काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे सोपविली होती. पापाची क्षमा जन्मावर अवलंबून नाही असे रविवारी सांगणाऱ्या संस्थेने, ज्यांचा गुन्हा जन्मावरच ठरला होता त्यांची हजेरी सोमवारी घ्यावयाची! आदामाचे पाप निदान साऱ्या मानवजातीला सारखे वाटून दिले होते. सरकारच्या यादीतील पाप निवडक जमातींचेच होते. 'चांगली वर्तणूक' दिसली की कुटुंब तारेबाहेरच्या मोकळ्या वस्तीत जाई. सोलापुरात 'सेटलमेंट फ्री कॉलनी' हे नाव त्यातूनच पडले. हे क्षमेचे सरकारी रूप : अपराध सिद्ध करावयाचा नाही, सुधारणा मात्र सिद्ध करून दाखवावयाची. १९५२ साली कायदा देशभर रद्द झाला. पोलिसांच्या नजरेतून तो किती गेला, हे लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' (१९८७) वाचणाऱ्यास सांगावयास नको.

याच सोलापुरात १ जानेवारी १९३८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर ख्रिस्ती समाजापुढे बोलले. येवल्याच्या घोषणेला दोन वर्षे होऊन गेली होती आणि सर्व धर्मांचे लोक त्यांच्याकडे डोळे लावून होते. बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांविषयीचा आदर त्यांनी त्या सभेत बोलून दाखविला. परंतु दक्षिणेतील चर्चमध्ये जातिभेद पाळला जातो हेही ऐकविले, आणि भारतीय ख्रिस्ती समाज सामाजिक अन्यायाविरुद्ध समाज म्हणून कधी लढला नाही, हेही तोंडावर सांगितले. समाज लढला नाही याचे कारण काय? त्याची मीमांसा त्यांनी धर्मांतरित ख्रिस्त्यांच्या स्थितीवरील इंग्रजी लेखात केली. तो लेख त्यांच्या हयातीत अप्रकाशित राहिला आणि महाराष्ट्र शासनाने काढलेल्या ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात १९८९ साली छापला गेला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : माणसाचे पतन प्रतिकूल परिस्थितीमुळे होते असे समाजशास्त्र सांगते, तर चर्च सांगते ते पापामुळे होते. अस्पृश्य हिंदू असताना त्याच्या अवस्थेला त्याचे कर्म कारण होते. ख्रिस्ती झाल्यावर आदाम या पूर्वजाचे पाप कारण झाले. दोन्हीकडे परिस्थितीवर घाव घालण्याची प्रेरणा त्याला मिळत नाही.

या मांडणीला मी एक पुरवणी जोडू इच्छितो. कर्मविपाक आणि आदिपाप हे सिद्धान्त म्हणून एक नव्हेत. पहिला माणसामाणसांत पायऱ्या पाडतो, दुसरा त्या पायऱ्या नाकारतो. सोयराबाईला दुसरा समजला असता. परंतु व्यवहारात बाबासाहेबांचे निदान अचूक ठरले, कारण सर्व पापी या विधानातील 'सर्व' हा शब्द गावकीपर्यंत गेलाच नाही. पाटलाला, देशमुखाला, सावकाराला पश्चात्तापाचे आवाहन करण्यासाठी कोणती सभा भरली? उपदेश महारवाड्यात झाला, म्हणून पश्चात्तापही महारवाड्यातच झाला.

बाबासाहेबांनी शेवटी जो मार्ग स्वीकारला त्यात पापक्षमा करणारा कोणी नाही. बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात पतित आणि गुन्हेगार यांच्या धम्मदीक्षेला त्यांनी स्वतंत्र भाग दिला, आणि त्यात अंगुलीमाल आहे. अंगुलीमाल भिक्खू झाल्यावरही लोक त्याला दगड मारतात, तो रक्तबंबाळ होऊन परततो. त्याला क्षमा करून कोणी त्याचे कृत्य पुसले नाही. त्याने जगणे बदलले आणि परिणाम सोसले. वर्षावासाच्या अखेरीस भिक्खू एकमेकांना आपले दोष दाखविण्याची विनंती करतात, तो पवारणेचा विधीही असाच, माणसांमाणसांतला. विनंती सर्वांनी करावयाची असते, ज्येष्ठांनीही. आपल्या विहारांतून, आपल्या संघटनांतून हा विधी किती उरला आहे, हे कार्यकर्त्यांनीच सांगावे.

उरला तो गावाच्या ऋणाचा हिशेब. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले, ते पार पडू शकले नाही. पुढे १९५८ साली कायदा होऊन कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली आणि महारांच्या वतनजमिनी सरकारजमा झाल्या. त्या पुन्हा स्वतःच्या नावे करून घेण्यासाठी, ज्याच्या पूर्वजांनी शतकानुशतके गावाची चाकरी केली त्या महारालाच सरकारात कब्जेहक्काची रक्कम भरावी लागली.