बॉम्बे रक्तगटाची कुळकथा
मानवी रक्ताचे गट पाडण्याची पद्धत व्हिएन्नातील कार्ल लँडस्टायनर यांनी 1901 मध्ये घालून दिली, तेव्हा त्यांचे साधन अगदी साधे होते: एका माणसाच्या तांबड्या पेशी दुसऱ्याच्या रक्तरसात, म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणाऱ्या पिवळसर द्रवात, मिसळायच्या आणि त्यांच्या गुठळ्या होतात की नाही हे पाहायचे. पेशीच्या पृष्ठभागावर असणाऱ्या ओळखीच्या रेणूला प्रतिजन म्हणतात आणि परक्या प्रतिजनाला पकडणाऱ्या रक्तरसातील प्रथिनाला प्रतिपिंड. या दोहोंची गाठ पडली की गुठळी होते. ‘ए’ आणि ‘बी’ या गटांची ओळख त्यांच्या प्रतिजनांवरून पटली, ‘ओ’ गट मात्र केवळ अभावावरून ठरला. ज्या पेशींवर ए नाही आणि बीही नाही, त्या ओ. रक्त देण्याघेण्याच्या व्यवहाराला ही व्याख्या पुरेशी होती, परंतु त्या मोकळ्या वाटणाऱ्या जागी नेमके काय असते, याचे उत्तर तिच्यात नव्हते.

ते उत्तर मिळण्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांना तेथे तीन व्यक्तींच्या रक्तात एक अजब विसंगती आढळली. त्यांच्या पेशी नेहमीच्या तपासणीत ओ गटाच्या ठरत होत्या. त्यांचा रक्तरस मात्र ए आणि बी पेशींबरोबरच ओ गटाच्या पेशींच्याही गुठळ्या करीत होता. ओ माणसाच्या रक्तरसाने ओ पेशींना परके मानावे, हे तोवरच्या नियमांत बसणारे नव्हते, आणि तपासणीतील चूक समजून ही नोंद बाजूला टाकणे सहज शक्य होते. या संशोधकांनी तसे केले नाही, हेच या इतिहासातील सर्वांत मोलाचे पाऊल मानावे लागेल. लंडनच्या लिस्टर संस्थेतील रूथ सँगर, रॉबर्ट रेस, वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स यांच्यासह लिहिलेला त्यांचा छोटा निबंध 1952 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यातून हळूहळू उलगडलेले चित्र असे. ए आणि बी हे प्रतिजन स्वयंभू नसून ‘एच’ नावाच्या एका मूळ रेणूवर आणखी एकेक शर्करा जोडली गेल्याने तयार होतात. ओ गटाच्या माणसात ही जोडणी होत नाही, म्हणून त्याच्या पेशींवर एच उघडाच आणि सर्वाधिक प्रमाणात राहतो. मुंबईत सापडलेल्या व्यक्तींमध्ये हा पायाच नव्हता. त्यामुळे त्यांच्या शरीराने ए, बी यांच्याप्रमाणे एचविरुद्धही प्रतिपिंडे तयार केली होती. एच तयार करण्यासाठी फ्युकोज नावाची शर्करा जोडणारे एंझाइम लागते आणि त्याचे जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहे, तर ए-बीचे जनुक नवव्या गुणसूत्रावर, म्हणून दोन्ही स्वतंत्रपणे वारशाने जातात. अमेरिकेत फिलिप लेव्हिन यांनी 1955 मध्ये वर्णन केलेल्या एका कुटुंबातून याचा पुरावा मिळाला: ओ वाटणाऱ्या आईच्या मुलीचा गट एबी निघाला, कारण आईकडे बीचे जनुक शाबूत होते, केवळ ते बांधणीसाठी लागणाऱ्या पायाअभावी प्रकट होऊ शकले नव्हते. रक्तगटावरून मातृत्व-पितृत्व नाकारण्याची जी घाई होत असे, तिला या एका उदाहरणाने मोठा धक्का दिला.

एच न बनवणारे जनुक अप्रभावी असते. आई आणि वडील अशा दोघांकडूनही ते आले तरच बॉम्बे गट दिसतो, आणि एकाच घराण्यात लग्नसंबंध होत असतील तर तसे घडण्याची शक्यता वाढते. लातूर-नांदेडसह मराठवाड्यात आणि लगतच्या कर्नाटक-तेलंगणात मामाच्या किंवा आत्याच्या घरात सोयरीक करण्याची रीत जुनी आहे. भारतात या गटाचे प्रमाण सुमारे दहा हजारांत एक धरले जाते, युरोपात ते दहा लाखांत एक इतके विरळ आहे; म्हणून नावात मुंबई असली तरी हा गट केवळ त्या शहराचा समजणे चुकीचे ठरेल. त्या महानगराच्या रुग्णालयांत गावोगावचे रक्त एकत्र येते, एवढाच त्या नावाचा अर्थ घ्यावा.

या दुर्मीळतेचा खरा ताण संकटात जाणवतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपासारख्या प्रसंगी, जेव्हा जखमींची रीघ लागते आणि गट तपासायला सवड नसते, तेव्हा ओ निगेटिव्ह रक्त देणे ही सर्वमान्य रीत आहे. बॉम्बे गटाच्या माणसाला मात्र तेच रक्त घातक ठरते, कारण ओ पेशींवरील भरपूर एच त्याच्या प्रतिपिंडांचे थेट लक्ष्य होते आणि चढवलेल्या पेशी शरीरात फुटू लागतात. पेशींवरून गट ठरवताना हा दोष लपून राहतो. रक्तरसाची तपासणी ए आणि बी पेशींबरोबर ओ पेशींशीही केली, तर तो उघड होतो. अशी व्यक्ती सापडल्यावर रक्तपेढीने प्रथम तिच्या सख्ख्या भावंडांचे रक्त तपासणे हिताचे असते, कारण आई-वडील दोघेही त्या जनुकाचे केवळ वाहक असतील तर प्रत्येक भावंडाला तोच गट मिळण्याची शक्यता 4 पैकी 1 असते, जी कोणत्याही अपरिचित दात्यापेक्षा हजारो पटींनी अधिक आहे.