मानवी परजीवी

मानवी परजीवी म्हणजे माणसाच्या शरीरात किंवा शरीरावर राहून त्याच्याकडूनच अन्न व आसरा मिळविणारे सजीव होत. व्यापक अर्थाने विषाणू, जीवाणू आणि कवके यांचाही समावेश यात होऊ शकेल. परंतु परजीवीशास्त्रात ही संज्ञा रूढीने एकपेशीय आदिजीव, कृमी आणि उवांसारखे बाह्यपरजीवी यांच्यापुरतीच वापरली जाते. मराठीत पोटातील सर्व कृमींना सरसकट ‘जंत’ म्हणतात. बोलण्यात ते चालते, पण निदानासाठी हा शब्द अपुरा आहे; कारण प्रत्येक कृमीचे वसतिस्थान व शरीरात शिरण्याची वाट वेगळी असते आणि त्यानुसार तपासणीही बदलते.

आश्रयदाते

परजीवी ज्याच्यावर जगतो त्या सजीवाला आश्रयदाता म्हणतात; पोषक किंवा यजमान असेही शब्द आढळतात. ज्याच्या शरीरात परजीवी प्रौढ होतो किंवा लैंगिक प्रजनन करतो तो अंतिम आश्रयदाता आणि ज्याच्या शरीरात त्याच्या अळ्या वाढतात किंवा अलैंगिक प्रजनन होते तो मध्यस्थ आश्रयदाता होय. माणूस अंतिमच असेल असे गृहीत धरण्याकडे आपला कल असतो, पण हिवतापात तसे नाही. हिवतापाच्या परजीवीचे लैंगिक प्रजनन ॲनाफिलीस डासाच्या मादीत पूर्ण होते. त्यामुळे डास अंतिम आणि माणूस मध्यस्थ ठरतो. डासाच्या जठरभित्तीवर या परजीवीची अवस्था रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबाद येथे ऑगस्ट १८९७ मध्ये दिसली.

काही परजीवी माणसाप्रमाणेच इतर प्राण्यांतही टिकून राहतात. अशा प्राण्यांना राखीव आश्रयदाते म्हणतात. भूमध्य समुद्रालगतच्या देशांत काळा आजाराच्या परजीवीसाठी कुत्रा ही भूमिका बजावतो, तर भारतात माणूस हाच त्याचा साठा मानला जातो.

आश्रयदात्यांची साखळी कळली की ती कोठे तोडावी हे कळते. नारूचे उदाहरण बोलके आहे. या कृमीची मादी माणसाच्या त्वचेतून, बहुधा पायातून, बाहेर डोकावते आणि पाण्याचा स्पर्श होताच अळ्या सोडते. पाण्यातील सायक्लॉप्स हा सूक्ष्म कवचधारी प्राणी त्या अळ्या गिळतो व तेच पाणी प्यालेल्या माणसाला पुढे नारू होतो. नारूवर लस नव्हती, परिणामकारक औषधही नव्हते. पाणी कापडातून गाळून पिणे, पायऱ्यांच्या विहिरींऐवजी हातपंप वा बांधीव विहिरी वापरणे आणि रुग्णाला पाण्यात उतरू न देणे एवढ्यावर रोग हटला. भारतातील शेवटच्या रुग्णाची नोंद १९९६ मध्ये राजस्थानात झाली आणि २००० साली देश नारूमुक्त घोषित झाला.

गोलकृमी (ॲस्कॅरिस) आणि अंकुशकृमी यांना मध्यस्थ लागत नाही. त्यांचे काम माती करते. गोलकृमीची अंडी मातीत परिपक्व होऊन हात, भाजी किंवा पाणी यांवाटे तोंडात जातात. अंकुशकृमीची अळी अनवाणी पायाच्या त्वचेतून शिरते. गोड खाल्ल्याने मुलांना जंत होतात ही घरोघरची समजूत यामुळेच निराधार ठरते.

डुकरातील पट्टकृमी

एकाच परजीवीच्या संदर्भात माणूस दोन्ही भूमिका कशा बजावतो, हे टीनिया सोलियम या पट्टकृमीवरून समजते. डुकराचे अर्धकच्चे मांस खाल्ल्याने त्यातील अळीकोष माणसाच्या आतड्यात जातो आणि काही मीटर लांबीचा कृमी वाढतो. येथे माणूस अंतिम आश्रयदाता असून त्याला फारसा त्रास होतोच असे नाही. मात्र त्याच्या विष्ठेतून पडलेली अंडी माणसाच्या पोटात गेली, तर अळ्या रक्तावाटे स्नायू, डोळे व मेंदू यांत जाऊन कोष करतात. आता माणूस डुकराच्या जागी, म्हणजे मध्यस्थ झालेला असतो. मेंदूतील अशा कोषांमुळे अपस्माराचे झटके येऊ शकतात.

म्हणून जन्मात मांसाला न शिवलेल्या माणसालाही हा मेंदूविकार होऊ शकतो. कारण तो मांसातून नव्हे, तर विष्ठेने दूषित झालेल्या हातांतून, पाण्यातून व कच्च्या भाजीतून येतो. ‘आम्ही शाकाहारी’ हा युक्तिवाद येथे उपयोगाचा नाही.

प्रयोगशाळेतील ओळख

टीनिया सोलियम आणि गोमांसातून येणारा टीनिया सॅजिनाटा यांची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली अगदी सारखी दिसतात. अंड्यांवरून ‘टीनिया’ एवढेच सांगता येते. जात ठरवायची तर विष्ठेतून पडलेला पक्व कृमिखंड हवा. त्यातील गर्भाशयाच्या एका बाजूच्या मुख्य शाखा सोलियममध्ये साधारणपणे ७ ते १३, तर सॅजिनाटामध्ये १५ किंवा अधिक असतात. हा केवळ नावाचा प्रश्न नाही. सोलियमचा रुग्ण स्वतःला व घरातल्यांना मेंदूविकाराचा धोका निर्माण करतो. उलट मेंदूत कोष असलेल्या रुग्णाच्या विष्ठेत काहीच सापडत नाही असेही घडते. तेथे मेंदूचे सीटी वा एमआरआय चित्रण आणि रक्ताची प्रतिपिंड चाचणी उपयोगी पडते.

आमांशाच्या अमीबाबाबतही हीच अडचण येते. एंटअमीबा हिस्टॉलिटिका आणि निरुपद्रवी एंटअमीबा डिस्पार यांचे चार केंद्रकांचे कोष एकसारखे असतात. तांबड्या पेशी गिळलेला, हालता अमीबा दिसला तर हिस्टॉलिटिकाचा भक्कम पुरावा मिळतो. तो हालता दिसण्यासाठी पातळ विष्ठा अर्ध्या तासाच्या आत तपासावी लागते. कोष रोज पडत नसल्याने वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने घेण्याची पद्धत आहे. एका नमुन्यात काही आढळले नाही, यावरून परजीवी नाहीच असे म्हणता येत नाही.

नमुना कोणता व केव्हा घ्यायचा हे परजीवीच्या सवयीवर ठरते. एंटेरोबियस या दोऱ्यासारख्या पांढऱ्या कृमीची मादी रात्री गुदद्वाराबाहेर येऊन अंडी घालते. ती विष्ठेत क्वचितच सापडतात. सकाळी शौचाला जाण्यापूर्वी व अंग धुण्यापूर्वी तेथे चिकटपट्टी लावून ती काचपट्टीवर पाहतात. भारतातील हत्तीरोगाच्या परजीवीचे सूक्ष्मजंत दिवसा फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत राहतात व रात्री वरवरच्या रक्तात येतात. त्यामुळे गडचिरोली, चंद्रपूर यांसारख्या जिल्ह्यांत रक्त गोळा करणारे आरोग्य कर्मचारी रात्री दार वाजवतात. ही वेळ त्यांच्या नव्हे, परजीवीच्या सोयीची असते.

हिवतापासाठी एकाच काचपट्टीवर रक्ताचा जाड व पातळ असे दोन थर करतात. जाड थरात कमी संख्येचे परजीवी शोधणे सोपे जाते, पातळ थरात तांबड्या पेशी शाबूत राहत असल्याने जात ओळखता येते. व्हायव्हॅक्समध्ये बाधित पेशी मोठी होते. फाल्सिपॅरममध्ये ती फुगत नाही आणि चंद्रकोरीच्या आकाराच्या लैंगिक अवस्था दिसतात.

मूत्रातून निदान होणारा परजीवी म्हणजे शिस्टोसोमा. गोड्या पाण्यातील गोगलगाय त्याचा मध्यस्थ असते आणि आफ्रिकेतील मूत्राशयाच्या प्रकारात टोकाला काटा असलेली अंडी दुपारच्या सुमारास घेतलेल्या मूत्रात अधिक मिळतात. भारतात हा रोग स्थानिक नाही असे मानले जात असताना गाडगीळ आणि शहा यांनी १९५२ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावी त्याचे केंद्र आढळल्याचे प्रसिद्ध केले.