डोक्यावरचा टोप आणि कानातला आवाज



१६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराज अफझलखानाच्या भेटीला गेले, तेव्हा त्यांनी अंगरख्याखाली चिलखत आणि मंदिलाखाली पोलादी टोप घातला होता, ही हकीकत आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वरून पाहणाऱ्याला काही दिसू नये, पण वार आलाच तर तो अडावा, ही त्यातली योजना. आता अडीचशे वर्षे पुढे या आणि फ्रान्सच्या रणभूमीवर चला. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले तेव्हा फ्रेंच शिपाई कापडी टोपी घालून लढायला गेला, इंग्रज शिपाईही कापडी टोपी घालून गेला, आणि जर्मन शिपायाच्या डोक्यावर होता तो कातड्याचा, वर टोक असलेला टोप. तोफगोळे डोक्यावर फुटू लागले, त्यांच्या ठिकऱ्या पावसासारख्या खंदकात पडू लागल्या, आणि माणसे पटापट डोक्याला जखमा होऊन मरू लागली. तेव्हा फ्रेंच सैन्याच्या पुरवठा खात्यातले ऑगस्ट-लुई आद्रियाँ यांनी काय केले? कापडी टोपीखाली घालायची पोलादाची एक वाटी काढली. म्हणजे पुन्हा तीच मंदिलाखालच्या टोपाची युक्ती.

पुढे १९१५ सालीच आद्रियाँ यांनी पुरता टोप तयार केला. त्याच वर्षी इंग्लंडात जॉन ब्रॉडी यांनी एकाच पत्र्यातून एका दाबात निघणारा, उपड्या ताटलीसारखा टोप काढला. त्याचे पोलाद मँगेनीज मिसळलेले, फार चिवट. जर्मनांनी सर्वांत उशिरा, १९१६ साली, पण सर्वांत विचारपूर्वक टोप काढला. हानोव्हरच्या तांत्रिक विद्यापीठातल्या फ्रिड्रिख श्वेर्ड यांचा तो आराखडा. त्याने कान झाकले, मानही झाकली. इंग्रजी ताटलीखाली मान उघडीच राही. दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेल्या आपल्या मराठा पलटणींच्या डोक्यावर याच इंग्रजी ताटलीची सुधारलेली आवृत्ती होती. शीख जवानांनी मात्र दोन्ही महायुद्धांत पगडी उतरवून लोखंड घालायला नकार दिला आणि ते पगडीनिशीच लढले.

असे जुने टोप जमवणाऱ्या माणसाला लोक छांदिष्ट म्हणतात. घरात लोखंड कशाला साठवता, असे त्याची बायकामुलेही विचारतात. त्यांना बॅशफर्ड डीन या अमेरिकन गृहस्थांची गोष्ट सांगण्यासारखी आहे. हे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्राणिशास्त्राचे प्राध्यापक. विषय मासे, आणि त्यातही फार प्राचीन काळचे, अंगावर हाडांचे कवच असलेले मासे. माशांच्या कवचावरून माणसाच्या कवचाकडे वळायला फार लांब जावे लागत नसावे! डीन यांना जुनी चिलखते आणि टोप जमवायचा जबर नाद होता. १९१२ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात शस्त्रे व चिलखते यांचा स्वतंत्र विभाग निघाला, त्याचे तेच प्रमुख. १९१७ साली अमेरिका युद्धात उतरली, आणि सरकारने या मासेवाल्या प्राध्यापकाला मेजर करून सांगितले की आमच्या शिपायांसाठी टोप सुचवा.

संग्रहालयाला स्वतःचा एक कारखाना होता. त्यात दानियल ताशो नावाचे फ्रेंच कारागीर जुनी चिलखते दुरुस्त करीत. त्याच ऐरणीवर आता नव्या टोपांचे नमुने ठोकले जाऊ लागले. पंधराव्या शतकातील लोहाराने मानेवर उतार का दिला होता, कपाळाशी पत्रा जाड का ठेवला होता, हे डीन यांना पुस्तकातून नव्हे, तर हातात धरलेल्या वस्तूवरून ठाऊक होते. त्यांचा एक नमुना तर फार चांगला उतरला. पण तो जर्मन टोपासारखा दिसतो, आपलेच लोक आपल्यावर गोळी झाडतील, म्हणून तो मागे पडला. अमेरिकेने ती लढाई इंग्रजी ताटली घालूनच पुरी केली. डीन यांनी १९२० साली या सगळ्यावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला, आणि जमवणारे लोक तो अजून उघडतात.

इथवर झाली डोक्याची गोष्ट. आता कानाकडे या.

गुरुजी, वर्गात एक प्रयोग करून पाहा. एखाद्या मुलाच्या डोक्यावर कान झाकतील असे पितळी पातेले उपडे घाला आणि मागून हळू आवाजात त्याला हाक मारा. वर्गात हशा पिकेल, पण मुद्दा लक्षात येईल. त्या मुलाला आवाज येतो तो घुमलेला, आणि कोणत्या बाजूने आला ते कळत नाही. जर्मन टोपाने कान झाकले त्याचा हाच परिणाम झाला. म्हणून १९१८ साली त्यांनी एक नवा प्रकार काढला, त्याच्या कडेला कानापाशी वळणदार खाच होती. जमवणाऱ्या मंडळींत या टोपाला ‘टेलिफोनचा टोप’ म्हणण्याची पद्धत पडली. कानाला टेलिफोन लावता यावा म्हणून खाच ठेवली, असा समज. तो बरोबर नाही. खाच होती ती घुमणारा आवाज कमी व्हावा आणि नीट ऐकू यावे म्हणून. पण समज चुकीचा असला तरी त्यात एक सत्य दडले आहे. जो टोप डोके वाचवतो तो कान बुजवतो, आणि ज्या शिपायाला हुकूम ऐकू येत नाही तो डोके शाबूत असूनही मरतो. कवटीवरची तेवढीच चार बोटे जागा, आणि तीवर हक्क सांगणारे दोघे!

कानाला लावायचे फोन, म्हणजे हेडफोन, आले कुठून तेही ऐका. अमेरिकेत युटा प्रांतात नॅथॅनिएल बॉल्डविन नावाचे एक गृहस्थ होते. प्रार्थनामंदिरातले प्रवचन त्यांना नीट ऐकू येईना, त्यातून ते आवाज मोठा करण्याच्या खटपटीला लागले. १९१० साली त्यांनी आपल्या हाताने केलेले हेडफोन अमेरिकन आरमाराकडे पाठवून दिले. सोबतचे पत्र म्हणे रंगीत कागदावर जांभळ्या शाईने लिहिलेले. अधिकाऱ्यांनी फारशी आशा न धरता ते तपासले, आणि चकित झाले. हातातल्या यंत्रांपेक्षा हे कितीतरी सरस. मागणी गेली, तर उत्तर आले की मी हे स्वयंपाकघरात बनवतो, एका वेळी दहापेक्षा जास्त जमणार नाहीत.

यंत्राची रचना सोपी आहे. लोहचुंबक, त्याच्याजवळ बारीक तारेचे वेटोळे, आणि समोर लोखंडी पत्र्याची पातळ चकती. तारेतून वीज कमीजास्त वाहिली की चकती थरथरते, आणि तो थरथराट म्हणजेच आवाज.

हे यंत्र टोपाखाली बसवायचे कसे? वैमानिकांना अडचण कमी होती, कारण त्यांचा टोप मऊ कातड्याचा. पहिल्या महायुद्धात इंग्लंडातल्या गॉस्पोर्ट येथे स्मिथ-बॅरी या अधिकाऱ्याने शिकवणारा आणि शिकणारा यांच्यामध्ये नुसती रबरी नळी टाकली होती. वीज नाही, काही नाही, आवाज नळीतून थेट टोपातल्या कानापाशी. पुढे नळी गेली आणि त्याच जागी विजेचे फोन आले. रणगाड्यात आवाज इतका की शेजारच्याची हाक ऐकू येत नाही. दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकन रणगाडेवाल्यांचा टोप पाहाल तर तो खेळाडूचा वाटेल, आणि ते खरेच आहे. तिकडच्या फुटबॉलच्या टोपावरून तो घेतलेला, आणि तो बनवणाऱ्यांत सेंट लुईची रॉलिंग्ज ही खेळाचे सामान करणारी कंपनी होती. कानांवरच्या कातडी झापांत फोन बसत. डोके आपटले तर हा टोप वाचवी, गोळीपासून मात्र नाही.

आरमाराने उलटा विचार केला. तोफेपाशी एक माणूस कानाला टेलिफोन लावून उभा असे आणि हुकूम पुढे सांगत असे. त्याच्यासाठी हेडफोनसकट डोके मावेल एवढा घमेल्यासारखा प्रचंड टोप करण्यात आला. त्या टेलिफोनला बॅटरी लागत नसे. बोलणाऱ्याच्या आवाजानेच चकती हले, चुंबकापाशी वीज निर्माण होई, आणि तीच तारेतून पलीकडे जाऊन पुन्हा आवाज होई. जहाजावरची वीज बंद पडली, तरी बोलणे चालू!

पायदळाला एवढे ओझे परवडणारे नव्हते. १९४१ साली अमेरिकनांनी आपला नवा टोप काढला. बाहेर पोलाद, आत वेगळी काढता येणारी हलकी टोपी. युद्धात असे दोन कोटींहून अधिक टोप झाले. बाहेरच्या पोलादात शिपाई पाणी घेऊन दाढीही करीत. त्याच्याखाली मावावेत म्हणून मोठे कातडी फोन टाकून देऊन, रबरी टोकाचे, कानाच्या भोकात बसणारे चिमुकले फोन काढण्यात आले. इथे टोप तसाच राहिला, फोनने अंग चोरले. पुढे व्हिएतनामच्या युद्धात, १९६७ च्या सुमारास, ऐकण्याचा अख्खा रेडिओच टोपाच्या कडेला चिमट्याने अडकवून पाहिला.

आता जमवणाऱ्यांविषयी माझी एक तक्रार आहे. टोप सारे जण जपतात, फोन मात्र टाकून देतात. युद्धानंतर अमेरिकेत जादा मालाच्या बाजारात असले हेडफोन ढिगांनी विकले गेले. हौशी रेडिओवाल्यांनी ते नेले, वापरले, झिजवले. त्यामुळे रणगाड्याचा टोप हाती येतो तो पुष्कळदा कानांच्या ठिकाणी दोन रिकामी भोके घेऊन. मग त्यात कुठलेतरी दुसरे फोन बसवले जातात. रिकामा टोप निदान खोटे बोलत नाही, हा मात्र बोलतो.

ओळखायच्या खुणा पुष्कळ असतात. दुसऱ्या महायुद्धातल्या इंग्रजी ताटलीवर हनुवटीच्या पट्ट्याच्या कडीपाशी साल ठोकलेले असते. अमेरिकन टोपाच्या कडेच्या पट्टीचा सांधा आधी कपाळाकडे असे, युद्धाच्या अखेरीस तो मागे गेला. कडीवर एक साल आणि आतल्या अस्तरावर दुसरे दिसले, तर लगेच खोटेपणाचा आरोप करू नका. सैन्यात दुरुस्त्या होतच. पण जर्मन टोपावर एखादे दुर्मीळ चिन्ह अगदी कोरे करकरीत दिसले, तर ते किमतीसाठी नंतर चढवलेले असण्याचा संभव फार. फोनचे रबर कालांतराने कडक होते, नाहीतर चिकट. त्याला ऊन लागू देऊ नये, आणि वायर गुंडाळताना तिला पीळ देऊ नये.

आणखी एक गोष्ट पैशापलीकडची आहे. युरोपातल्या जुन्या रणभूमींवर जमिनीखाली अजून टोप सापडतात, आणि टोपाशेजारी कधीकधी तो घालणाराही असतो. त्याच्या नावाचा बिल्ला, बटणे, टोप, हे एकत्र सापडले तर शंभर वर्षांनीही त्याचे नाव कळू शकते आणि त्याच्या घरी निरोप जाऊ शकतो. रात्री यंत्र घेऊन येणारा माणूस टोप तेवढा उपसून नेतो, आणि उरलेली हाडे कायमची बेनाव होतात. फ्रान्समध्ये अशा शोधाला सरकारी परवानगी लागते. असा माती लागलेला टोप कोणी विकायला आणला, तर तो कुठून आला हे विचारल्यावाचून घेणे मला तरी चोरीचा माल घेण्यासारखे वाटते.

आपल्याकडे अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे. मुलांना तिकडे न्याल तेव्हा नळीची लांबी दाखवून पुढे जाऊ नका. त्या लोखंडी पोटात इंजिन चालू असताना तीन-चार माणसे एकमेकांशी कशी बोलत असतील, हे त्यांना विचारा.

पोलादाचे टोप आता मोठ्या सैन्यांतून गेले. त्यांच्या जागी कृत्रिम धाग्यांचे थर दाबून केलेले टोप आले. त्यांतल्या नव्या टोपांची बाजू कानाच्या वरपर्यंत सरळ कापलेली असते, १९१८ सालच्या त्या जर्मन खाचेपेक्षाही वर. आणि या वेळी मात्र ती खरोखरच हेडफोनसाठी असते. हे फोन तोफेचा आवाज दाबून टाकतात, आणि मागे पाचोळ्यावर पडलेले पाऊल मोठे करून कानात सोडतात.