गिरणगांवांतील बाळगोळी

गिरणींत जाणारी बाई आपल्या तान्ह्या मुलास अफू चारून निजवीत असे, असें ऐकतांच आपल्या सुशिक्षित घरांतून पहिला उद्गार निघतो तो तिच्या अज्ञानाविषयीं. हा उद्गार कितपत न्यायाचा आहे, हें पाहण्यास मुंबईचीं १९२१ च्या सुमाराचीं कागदपत्रें चाळावींत.

त्या वर्षीं मुंबई सरकारनें गिरणकामगार बायकांच्या बाळंतपणाची चौकशी डॉ. बार्न्स ह्या स्त्री-डॉक्टरकडे सोंपविली. १९२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या वृत्तांतांत नमूद आहे कीं, ह्या बायकांच्या शेंकडा ९८ तान्ह्या मुलांना अफू दिली जात होती. ती 'बाळगोळी'च्या रूपानें पोटांत जाई. गोळी घेतलेलें मूल रडत नसे. पण रडत नसे म्हणजे दूधहि मागत नसे. अफूनें भूक मरते, कोठा बांधतो, आणि आधींच अर्धपोटीं असलेलें मूल झोंपेंतल्या झोंपेंत खंगत जातें.

ही चाल गिरणींनीं काढली नव्हे. पश्चिम हिंदुस्थानांत ती जुनीच, आणि खाऊन-पिऊन सुखी घरेंहि तिच्यापासून अलिप्त नव्हतीं. मात्र तेथें आई घरीं असे. गिरणींतील बाईस १९२२ च्या कायद्यानेंहि दिवसाचे अकरा तासांपर्यंत राबवितां येत होतें. एवढा वेळ अंगावर पिणारें मूल शेजारच्या म्हातारीच्या हवालीं करावयाचें, तर तें निजलेलें असणें दोघींनाहि सोयीचें. लँकेशायरच्या गिरण्यांच्या गांवींहि एकोणिसाव्या शतकांत अफूमिश्रित 'गॉडफ्रेज कॉर्डियल' असेंच पाजीत. तेव्हां हा दोष आपल्याच बायकांचा म्हणण्यास जागा नाहीं.

दुसरी गोष्ट खोलीची. १९२१ च्या मुंबईंतील आंकड्यांवरून एका खोलीच्या बिऱ्हाडांत बालमृत्यु हजारीं ८२८ होते. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत ३२२, आणि चार किंवा अधिक खोल्यांच्या घरांत १३३. पहिला आंकडा जसाच्या तसा घेणें मात्र बरोबर होणार नाहीं. पुष्कळ बायका बाळंतपणास कोंकणांत किंवा घाटावर जात; जन्माची नोंद गांवीं होई आणि मूल दगावलें तर मरणाची मुंबईंत. त्यामुळें प्रमाण फुगलें आहे. तें कितीहि कमी धरलें, तरी धूर, ओल आणि दाटी ह्यांनीं केलेला घात त्यांतून वजा होत नाहीं. आणि शहरांतील सुमारें दोन-तृतीयांश लोक अशाच एकेका खोलींत राहात होते.

बाळंतपणाच्या भत्त्याचें बिल १९२८ च्या जुलैंत मुंबईच्या कायदेकौन्सिलांत आलें. प्रसूतीच्या आधीं व नंतर आईस विश्रांति मिळणें राष्ट्राच्याच हिताचें आहे, असें सांगून डॉ. आंबेडकरांनीं त्यास पाठिंबा दिला. १९२९ सालीं कायदा झाला. हिंदुस्थानांतला ह्या प्रकारचा तो पहिलाच. त्यानें बाळंतिणीस चार आठवडे कामावर घेण्याची बंदी झाली. पांचव्या आठवड्यापासून मुलानें कोठें राहावयाचें, ह्याविषयीं कायदा मुका होता. कांहीं गिरण्यांनीं आपण होऊन पाळणाघरें काढलीं होतीं. पण पन्नासांहून अधिक बायका असलेल्या कारखान्यांस मुलांकरितां जागा राखावयास लावण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांस मिळाला, तो १९३४ च्या कायद्यानें.