बारसूचा सडा: कोणत्या नेत्याने कधी काय भूमिका घेतली? कागदावर काय झालं? वाचा सविस्तर

राजापूर : शहरात जशी बाग आणि मैदान, तसा आपल्या गावाला सडा. गुरं तिथेच चरतात, पोरं तिथेच खेळतात, पावसाळ्यात तिथेच गवत होतं आणि त्याच कातळात मुरलेलं पाणी खाली वाडीच्या विहिरीला लागतं. हा सडा रिफायनरीला द्यायचा की नाही, यावर 2017 पासून राजापूर तालुक्यात वाद आहे. आधी नाणार, मग बारसू-सोलगाव. या काळात जवळजवळ प्रत्येक पक्ष एकदा तरी या बाजूला आणि एकदा त्या बाजूला दिसला. निवडणूक आली की जुनी भाषणं मोबाईलवर फिरतात, पण तारीख नसते. म्हणून कोण केव्हा काय म्हणालं, ते इथे एका जागी देत आहोत.

प्रकल्प काय होता?

इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम या तीन सरकारी तेल कंपन्यांनी 2017 मध्ये रत्नागिरी रिफायनरी अँड पेट्रोकेमिकल्स ही कंपनी काढली. वर्षाला 6 कोटी टन तेल शुद्ध करायचं आणि अंदाजे 3 लाख कोटी रुपये खर्च, असा मूळ आराखडा होता. 2018 मध्ये सौदी अरेबियाची अरामको आणि अबुधाबीची अॅडनॉक या कंपन्या निम्म्या भागीदारीसाठी पुढे आल्या. म्हणजे जमीन घेणार सरकार, पण वापरणार कंपनी आणि तिचे परदेशी भागीदार.

तारखा लक्षात ठेवा

- 18 मे 2017 : नाणार परिसरासाठी एमआयडीसी कायद्याखाली अधिसूचना. राजापूर तालुक्यातली 14 आणि देवगड तालुक्यातली गिर्ये, रामेश्वर ही 2 गावं.
- 23 एप्रिल 2018 : नाणार परिसरातल्या सभेत तेव्हाचे उद्योगमंत्री सुभाष देसाई यांची अधिसूचना रद्द करण्याची घोषणा.
- 18 फेब्रुवारी 2019 : शिवसेना-भाजप युती जाहीर. नाणारमधून प्रकल्प हलवण्याचं मुख्यमंत्र्यांनी मान्य केलं.
- मार्च 2019 : नाणारची अधिसूचना प्रत्यक्ष रद्द.
- 12 जानेवारी 2022 : मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांचं पंतप्रधानांना पत्र. बारसू परिसरात सुमारे 13 हजार एकर आणि नाटे इथे टर्मिनलसाठी 2,144 एकर जागा सुचवली.
- एप्रिल 2023 : बारसूच्या सड्यावर माती परीक्षण, जमावबंदी, आंदोलन.
- 6 मे 2023 : उद्धव ठाकरे बारसू-सोलगावात, त्याच दिवशी रत्नागिरीत राज ठाकरे यांची सभा.

घोषणा आणि रद्द होणं यातलं अंतर बघा. सभेत घोषणा झाली एप्रिल 2018 ला, कागद निघाला मार्च 2019 ला. जवळजवळ अकरा महिने अधिसूचना जिवंत होती. मंत्र्याने घोषणा केली त्याच दिवशी मुख्यमंत्र्यांनी ते त्यांचं वैयक्तिक मत असल्याचं सांगितलं होतं.

कोणाची काय भूमिका?

उद्धव ठाकरे : नाणारला विरोध, आणि तोही सत्तेत भाजपबरोबर असताना. मुख्यमंत्री झाल्यावर 2022 च्या पत्रात बारसूची जागा सुचवली. सत्ता गेल्यावर 2023 मध्ये बारसूला आले तेव्हा त्यांनी पत्र दिल्याचं नाकारलं नाही. पण लोकांना नको असेल तर प्रकल्प लादू नये, पोलिसी बळ वापरू नये, असं त्यांचं म्हणणं होतं.

देवेंद्र फडणवीस : प्रकल्प कोकणात व्हावा ही भूमिका कायम. युतीसाठी 2019 च्या फेब्रुवारीत नाणार सोडलं, पण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये महाजनादेश यात्रा राजापुरात आली तेव्हा पुन्हा चर्चा करू असा सूर लावला.

नारायण राणे : 2018 मध्ये महाराष्ट्र स्वाभिमान पक्षाचे नेते असताना नाणारला विरोध. भाजपमध्ये गेल्यावर आणि केंद्रीय मंत्री झाल्यावर बारसूला पाठिंबा. 2024 मध्ये ते रत्नागिरी-सिंधुदुर्गचे खासदार झाले.

विनायक राऊत : 2014 ते 2024 खासदार. नाणार आणि बारसू, दोन्हींना विरोध. बारसूसाठी जागा सुचवणारं पत्र त्यांच्याच पक्षप्रमुखांचं होतं, तरी त्यांचा विरोध राहिला. एप्रिल 2023 च्या आंदोलनात पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतलं होतं. 2024 ची लोकसभा ते हरले.

राजन साळवी : राजापूरचे तीन वेळचे आमदार. नाणारच्या वेळी पक्षाबरोबर विरोधात. बारसूच्या वेळी मात्र रोजगारासाठी प्रकल्प हवा अशी उघड भूमिका, आणि सोबत आंदोलकांवर बळ वापरू नका असंही म्हणणं. म्हणजे 2023 मध्ये एकाच पक्षाचा खासदार विरोधात आणि आमदार बाजूने, असं चित्र होतं. 2024 ची विधानसभा ते हरले आणि फेब्रुवारी 2025 मध्ये शिंदे यांच्या शिवसेनेत गेले.

उदय सामंत : नाणारच्या काळात विरोध करणाऱ्या शिवसेनेचे आमदार. 2022 मध्ये शिंदे सरकारात उद्योगमंत्री झाल्यावर बारसूचा पाठपुरावा त्यांच्याकडे आला. माती परीक्षण म्हणजे भूसंपादन नव्हे, आणि जागा आधीच्या मुख्यमंत्र्यांनीच सुचवली होती, हे दोन मुद्दे ते सतत मांडत होते.

राज ठाकरे : 2018 मध्ये नाणारला विरोध. मार्च 2021 मध्ये मात्र हा प्रकल्प राज्याबाहेर जाऊ देऊ नका, असं पत्र. मे 2023 मध्ये रत्नागिरीत पुन्हा सवाल, या वेळी कातळशिल्पं आणि जमिनींची खरेदी यावर.

शरद पवार : 2023 मध्ये त्यांनी बाजू किंवा विरोध यापेक्षा स्थानिकांशी बोला, घाई करू नका, यावर भर दिला. उद्योगमंत्री सामंत तेव्हा त्यांना भेटले होते.

यादी नीट वाचली की एक गोष्ट दिसते. बऱ्याच जणांची भूमिका ते कोणत्या खुर्चीवर होते त्याप्रमाणे फिरली. रोजगार हवा हे म्हणणं खोटं नाही. गावातली घरं बंद आहेत, पोरं मुंबईला चाकरीला आहेत, आणि प्रकल्प हवा म्हणणारे लोक राजापुरातही आहेत. आंबा, काजू आणि मासळीवर पोट असणाऱ्यांची भीतीही खोटी नाही. अडचण अशी की लोकांचं म्हणणं दोन्ही बाजूंनी तेच राहिलं आणि नेत्यांचं बदललं.

सडा 'पडीक' आहे का?

सरकारी भाषेत सड्याची जमीन बहुतेक पडीक धरली जाते. सातबाऱ्यावर ती पोटखराब म्हणून लागते. कातळावर नांगर चालत नाही हे खरं, पण म्हणून तिथे काही नाही असं नाही. बारसूच्या सड्यावर माणूस आणि त्याच्या दोन्ही बाजूंना वाघ असं मोठं कातळशिल्प आहे. 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत कोकणातली 9 कातळशिल्प ठिकाणं गेली. त्यातली 7 आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातली : कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, जांभरूण आणि उक्षी. बाकी सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमळ.

तात्पुरती यादी म्हणजे जागतिक वारसा दर्जा नव्हे. पण त्या दर्जासाठी प्रस्ताव करायचा तर आधी या यादीत नाव लागतं.

असा प्रसंग परदेशातही आला आहे. पोर्तुगालमध्ये कोआ नदीच्या खोऱ्यात धरणाचं काम सुरू असताना खडकावरची हजारो वर्षांपूर्वीची चित्रं पुढे आली. लोकांनी आंदोलन केलं, 1995 मध्ये सरकार बदललं आणि नव्या सरकारने धरण थांबवलं. 1998 मध्ये ते खोरं जागतिक वारसा झालं.

ग्रामसभेच्या ठरावाला किती वजन?

बारसू परिसरात धोपेश्वरच्या ग्रामसभेने 2022 मध्ये मतदान घेऊन विरोध नोंदवला. पण कायदा समजून घ्यायला हवा. 2013 च्या केंद्रीय भूसंपादन कायद्यात खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर 80 टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीसाठी 70 टक्के बाधितांची संमती लागते. महाराष्ट्राने 2018 मध्ये दुरुस्ती करून एमआयडीसी कायद्याखालचं संपादन या अटीतून बाहेर ठेवलं. मोबदला मात्र 2013 च्या कायद्याप्रमाणेच द्यावा लागतो. म्हणून एमआयडीसीच्या वाटेने जमीन घेतली तर ग्रामसभेचा ठराव सरकारला बांधून ठेवत नाही. तो लोकांचं मत नोंदवणारा पुरावा ठरतो, आणि तेवढ्यासाठी तरी तो लेखी हवा.

जमीनमालकाने काय बघावं?

1. एमआयडीसी कायद्याच्या कलम 32(2) ची नोटीस आली तर मुदतीत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं धरलं जात नाही.
2. त्यानंतर कलम 32(1) ची अधिसूचना निघाली की जमीन सरकारकडे जाते. हरकतीची खरी वेळ त्याआधीची.
3. सातबारा काढून पोटखराब 'अ' की 'ब' ते बघा. 'अ' म्हणजे लागवडीला अयोग्य जागा. 'ब' म्हणजे रस्ता, पऱ्या, तळं, स्मशान अशा सार्वजनिक वापराची जागा.
4. जमीन सामाईक असेल तर मुंबईच्या भावकीची नावं सातबाऱ्यावर आहेत का ते तपासा. वारसनोंद राहिली असेल तर आधी ती करा.
5. गुरचरण असेल तर शासनाचा 12 जुलै 2011 चा निर्णय दाखवा. सर्वोच्च न्यायालयाच्या जगपाल सिंग निकालानंतर तो निघाला. गुरचरण खासगी व्यक्ती किंवा संस्थेला देऊ नये, सार्वजनिक कामाला दुसरी जागा नसेल तरच विचार करावा, असं त्यात आहे.

आज स्थिती काय?

नाणारची अधिसूचना रद्द आहे. बारसूत माती परीक्षण झालं, पण रिफायनरीचं बांधकाम सुरू झालेलं नाही. पुढच्या सभेत कोणी बाजूने बोलेल, कोणी विरोधात. दोघांनाही एकच विचारा : हे लेखी देणार का, आणि कोणत्या तारखेला?